हळद सांगलीची, नाव आक्कांचं आणि अर्ज भलत्याचाच: एका अमेरिकन ट्रेडमार्कचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक हळदीचं घर. तीन भाऊ, थोरले तात्या, मधले अण्णा, धाकटे बापू, आणि पाकिटावर त्यांच्या आईचं नाव अन् फोटो. आईंना सगळे आक्का म्हणतात, वय नव्वदीकडे झुकलंय पण अजून हळकुंड मोडून बघून माल कसला आहे ते सांगतात. ब्रँड म्हणजे आक्कांचं खरं नाव आणि पुढे 'हळद', बस एवढंच. ते नाव इथं लिहीत नाही, घरच्यांनी लिहायला होकार दिला तो याच अटीवर. मी त्यांची एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो, शिपिंग बिल, जीएसटी रिफंड, स्पाइसेस बोर्डाची नोंदणी असली कामं, त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळालं.

तर झालं असं. २०१८ पासून हे लोक न्यू जर्सीतल्या एका डिस्ट्रिब्युटरला माल पाठवतात. २०२५ च्या सुरुवातीला अण्णांच्या मुलाच्या डोक्यात आलं की ॲमेझॉनवर आपलं स्वतःचं दुकान टाकू, तिथं ब्रँड नोंदवायला ट्रेडमार्कचा नंबर मागितला, म्हणून त्यानं अमेरिकेच्या ट्रेडमार्क ऑफिसच्या म्हणजे यूएसपीटीओच्या साइटवर जे फुकट सर्च आहे ते करून बघितलं आणि आपल्या आजीचं नाव तिथं आधीच बसलेलं दिसलं. अर्जदार डिस्ट्रिब्युटरची एलएलसी, म्हणजे त्याची तिकडची कंपनी. अर्ज तपासून झालेला, ऑफिसच्या गॅझेटमध्ये म्हणजे हरकतीसाठी जाहीर होणाऱ्या यादीत आलेला, आणि हरकतीची मुदत चालू.

अमेरिकेत ही मुदत ३० दिवसांची असते. आपल्याकडे ट्रेडमार्क जर्नलमध्ये आल्यापासून ४ महिने मिळतात, तिथं एवढा निवांतपणा नाही. आणि त्या ३० दिवसांतलेही बरेचसे निघून गेलेले.

"आपलं रजिस्ट्रेशन आहे की!"

तात्यांचं पहिलं वाक्य हेच. आणि खोटं नव्हतं, भारतातलं रजिस्ट्रेशन होतं, क्लास ३० मध्ये, मसाल्याचे पदार्थ ज्यात येतात तो क्लास, देवनागरी अक्षरातलं लेबल आणि आक्कांचा फोटो, २०११ चा अर्ज. पण ट्रेडमार्क ज्या देशात घेतला त्या देशापुरताच. आपल्या रजिस्ट्रेशनचा कागद न्यू जर्सीत पुरावा म्हणून थोडाफार कामाला येईल, हक्क म्हणून नाही.

मग एकेक फाईल बाहेर निघायला लागली. आयात-निर्यातीचा आयईसी कोड आहे, अन्नसुरक्षेचं एफएसएसएआय लायसन आहे, अमेरिकेच्या एफडीएकडे म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याकडे फॅसिलिटी रजिस्ट्रेशन आहे. यातल्या कशाचाच ब्रँडच्या मालकीशी संबंध नाही. एफडीएचं रजिस्ट्रेशन म्हणजे तुमचा कारखाना कुठे आहे आणि तिथं काय बनतं याची नोंद, दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रिन्यू करायची, आणि त्याला अमेरिकेत राहणारा एक एजंट द्यावा लागतो. इथं तो एजंट कोण, तर तोच डिस्ट्रिब्युटर. म्हणजे सगळी कुलपं एकाच्या किल्लीत.

शेजारच्या पेढीवरच्या एकानं जीआयचा म्हणजे भौगोलिक मानांकनाचा मुद्दा काढला, सांगली हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालाय तर अमेरिकेत कोण कसं नाव घेऊ शकतं म्हणून. जीआय ही भागाची ओळख, ती तुमच्या एकट्याच्या पाकिटाची राखण करत नाही, आणि इथली नोंदणी आपोआप तिकडे लागू होत नाही. आणि हळद म्हटलं की आपल्याकडे पेटंटची गोष्ट निघणारच, १९९५ मध्ये मिसिसिपी युनिव्हर्सिटीच्या मेडिकल सेंटरला जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट मिळालेलं आणि डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. अभिमानाची गोष्ट आहे, पण ते पेटंट. तिथं प्रश्न होता की ही माहिती आधीपासून माहीत होती का. इथं प्रश्न एवढाच की पाकिटावरचं नाव कुणाचं. तात्या मात्र शेवटपर्यंत "पेटंटची केस" असंच म्हणत राहिले, मीही नंतर दुरुस्त करायचं सोडून दिलं.

वकील कुठला

यात निवडीला फार वाव नव्हता. ३ ऑगस्ट २०१९ पासून अमेरिकेबाहेरच्या अर्जदाराला यूएसपीटीओपुढे अमेरिकेतला लायसन असलेला वकील लावावाच लागतो, अर्ज करायचा असो की दुसऱ्याच्या अर्जावर हरकत घ्यायची असो. सांगलीतले आमचे वकील चांगले, पण त्यांनी पहिल्याच फोनला स्वच्छ सांगितलं की हे माझं काम नाही, पुण्यातल्या एका ट्रेडमार्कवाल्या मॅडमचा नंबर दिला, आणि त्यांच्या ओळखीतून अमेरिकेतला वकील मिळाला. इंटरनेटवर "इतक्या डॉलरमध्ये यूएस ट्रेडमार्क" म्हणणारे ढिगानं आहेत, पुतण्यानं, म्हणजे अण्णांच्या मुलानं, दोघातिघांकडून कोटेशनही घेतली होती. त्यातल्या एकाला वकिलाचं नाव आणि बार लायसनचा म्हणजे वकिलीच्या परवान्याचा तपशील विचारला तर "ते अर्जात येईल सर" असं उत्तर. तिथंच सोडलं ते बरं झालं, कारण वकिलाचं नाव परस्पर वापरून अर्ज टाकणाऱ्यांवर यूएसपीटीओनं कारवाई केलीय आणि असल्या ठिकाणी अर्जदाराचा अर्जही मरतो. वकील ज्या राज्यात नोंदला आहे तिथल्या बारच्या साइटवर नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

फी कशी ठरवली तेही सांगतो, लोक हे विचारायला लाजतात. नवीन अर्जाचं काम ठरीव रकमेत, ऑफिसकडून शंका आली तर उत्तराचे वेगळे ठरलेले पैसे, आणि भांडणाचं काम तासावर. तासाच्या कामाला आधी मर्यादा घालून घेतली, एवढ्याच्या वर जायचं तर विचारायचं.

वकिलानं पहिल्या दिवशी एकच गोष्ट केली, हरकतीची मुदत वाढवून घेतली. पहिल्या ३० दिवसांच्या वाढीला फी नाही, पुढं वाढ हवी असेल तर पैसे. हरकत प्रत्यक्ष टाकायची तर एका क्लासला ६०० डॉलर नुसती सरकारी फी, आणि मग ते प्रकरण ट्रेडमार्क ट्रायल बोर्डापुढं कोर्टासारखं चालतं, कागद मागवणं, प्रश्नोत्तरं, साक्षी, वर्ष-दोन वर्षं सहज. यार्डात चहाला बसलेल्यांना यातलं काही माहीत नसतं, त्यांचं एकच, "टाका केस, दाखवा इंगा." एका कंटेनरात हळदीला सुटतं किती आणि तिकडचा वकील तासाला घेतो किती हे एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवलं तेव्हा तात्या गप्प झाले.

त्याच्याच फोटोत आपला पत्ता

यूएसपीटीओच्या प्रत्येक अर्जाची फाईल कुणालाही उघडून बघता येते. अर्ज वापराच्या आधारावर केला असेल तर त्यात नमुना जोडावा लागतो, म्हणजे बाजारात हे नाव मालावर प्रत्यक्ष कसं दिसतं त्याचा फोटो. वकिलानं डिस्ट्रिब्युटरच्या फाईलमधला तो फोटो काढून आम्हाला पाठवला आणि खाली एकच ओळ, हा पत्ता कुणाचा?

फोटो पाकिटाच्या मागच्या बाजूचा होता. झूम केलं तर बारकोडच्या वर बारीक अक्षरात पॅक्ड बाय म्हणून आपल्या कंपनीचं नाव, खाली सांगलीचा पत्ता, पिन कोडसकट, आणि त्याखाली एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन नंबर. त्यानं स्वतःच्या मालकीचा पुरावा म्हणून जो फोटो लावला त्यात माल भरणारे म्हणून नाव आपलं.

अमेरिकेतला नियम असा आहे की परदेशी उत्पादकाचा माल आणून विकणारा इम्पोर्टर किंवा डिस्ट्रिब्युटर हा त्या ब्रँडचा मालक धरला जात नाही, दोघांत तसा काही लेखी करार असेल तर गोष्ट वेगळी. इथं करारच नव्हता, ना तसा ना असा. सगळा व्यवहार फोन, व्हॉट्सॲप आणि विश्वास. आणि ते व्हॉट्सॲपच कामाला आलं. २०१८ मध्ये पुतण्यानं लेबलचं इंग्लिश डिझाइन मंजुरीसाठी ग्रुपवर टाकलेलं आणि त्यावर डिस्ट्रिब्युटरचा रिप्लाय, "तात्या, आक्कांचा फोटो जरा मोठा घ्या, आणि तुमचा ब्रँड वरती येऊ दे." तुमचा ब्रँड! वकिलाला भाषांतर करून दिलं तर त्यानं मूळ मेसेजचा तारखेसकट एक्सपोर्ट मागितला, नुसता स्क्रीनशॉट नको म्हणाला.

पहिल्या खेपेची कागदं गोळा करताना महापुरानं घोळ घातला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गणपती पेठेतल्या यांच्या जुन्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं, नव्वदच्या दशकापासूनची बिलबुकं, लेबलांचे जुने नमुने, छपाईची बिलं, सगळ्याचा लगदा झाला. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, २००५ च्या पुरात गेली तेव्हापासून माल वर ठेवायची अक्कल सगळ्यांना आली, कागद मात्र खालीच राहिले. तात्यांना वाटत होतं की तीस वर्षांचा पुरावा गेला म्हणजे केस गेली. वकील म्हणाला, भारतातल्या विक्रीनं अमेरिकेत आधीचा हक्क तयार होत नाही, मला १९९५ चं बिल नको, अमेरिकेत पोचलेल्या पहिल्या मालाचं द्या. तो माल २०१८ चा, त्याचं शिपिंग बिल कस्टमच्या आईसगेट पोर्टलवर होतं, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती न्हावा शेव्याच्या एजंटच्या मेलमध्ये, इनव्हॉइस जीएसटीत. दोन दिवसांत फाईल उभी राहिली.

"नावावर करून देतो" का चाललं नाही

आता डिस्ट्रिब्युटरबद्दल. माणूस मूळचा आपल्याकडचाच, तासगाव बाजूचा. रात्री फोन लावला (इथली रात्र म्हणजे त्याची सकाळ), स्पीकरवर तिघे भाऊ, पुतण्या आणि मी. त्यानं नाही-होय काही केलं नाही, सरळ म्हणाला, हो केलाय अर्ज, तुम्ही करत नव्हता, उद्या तिसऱ्याच कुणी घेतला असता तर तुमचाही माल अडकला असता आणि माझाही. माझ्या मते यातलं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे, तिकडं दुसरा डिस्ट्रिब्युटर तुम्ही नेमूच शकू नये ही सोय. आणि त्याचीही बाजू होती, इंग्लिश लेबलच्या डिझाइनचे पैसे त्यानं भरलेले, प्रदर्शनात स्टॉल त्यानं मांडलेले, सात वर्षं दुकानं फिरून नाव त्यानं रुजवलेलं. गद्दार बिद्दार म्हणणं सोपं आहे.

शेवटी तो म्हणाला, "तात्या, एवढंच आहे तर तुमच्या नावावर करून देतो, स्टँप पेपर पाठवा." सगळ्यांना हायसं वाटलं. बापू तर दुसऱ्या दिवशी पाचशेचा स्टँप घेऊन हजर.

वकिलानं नको सांगितलं. का, तर वापराच्या आधारावरचा अर्ज ज्या दिवशी केला त्या दिवशी अर्जदार मालक नसेल तर तो अर्ज मुळातच रद्दबातल, आणि नंतर मालकाच्या नावावर करून घेतला म्हणून तो जिवंत होत नाही. म्हणजे आज ट्रान्सफर करून घेतला असता तर हातात सर्टिफिकेट आलं असतं, भिंतीवर लागलं असतं, आणि चार वर्षांनी कुणा स्पर्धकाशी वाद झाला की त्याच्या वकिलानं हीच फाईल उघडून दाखवली असती की बघा, मूळ अर्जदार मालक नव्हता. मला वाटतं सगळ्या फीमध्ये या एका सल्ल्याचे पैसे वसूल झाले. आपल्याकडची सवय अशी की कागद नावावर झाला म्हणजे झालं, सातबाऱ्यासारखं.

मग ठरलं असं की त्यानं आपला अर्ज स्वतःहून मागे घ्यायचा, आणि तेही मुदतवाढ चालू आहे तोवर, हरकत दाखल व्हायच्या आत. हरकत दाखल झाल्यावर समोरच्याच्या संमतीशिवाय मागे घेतला तर निकाल त्याच्या विरोधात जातो, आधी घेतला तर कुणावर काही डाग नाही. त्याला ही सोय समजावून सांगितली. वकिलाच्या पत्रात एक वाक्य मात्र अगदी सभ्य भाषेत होतं, की अर्ज करताना आपण मालक असल्याची प्रतिज्ञा तुम्ही केलीत आणि ती जाणूनबुजून खोटी असेल तर तिथल्या कायद्यात दंड आणि कैद दोन्ही आहे. बदल्यात तात्यांनी डिझाइनचा खर्च परत दिला आणि पूर्वेकडच्या राज्यांसाठी तीन वर्षं एकट्याला माल द्यायचं कबूल केलं. डिझाइनचे कॉपीराइटचे हक्क लिहून घेतले, हे पुण्याच्या मॅडमनी सुचवलं, नाहीतर नाव आपलं आणि लेबलचं चित्र त्याचं असा नवाच गुंता राहिला असता.

मालक कोण, घरातल्या घरात

सगळ्यात अवघड भाग न्यू जर्सीत नव्हता, यार्डातल्या माडीवर होता. नवीन अर्ज कुणाच्या नावानं करायचा? पुतण्या म्हणाला कंपनीच्या, एक्सपोर्ट तीच करते. पण भारतातलं रजिस्ट्रेशन तात्यांच्या वैयक्तिक नावावर, कारण २०११ मध्ये पेढी त्यांच्या नावानं होती, प्रायव्हेट लिमिटेड झाली २०१६ मध्ये, आणि ट्रेडमार्क हलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. वकिलाचा ईमेल एका ओळीचा: आज या मार्कचा मालक कोण आहे?

बरं, जो नियम डिस्ट्रिब्युटरचा अर्ज मारतो तोच आपलाही मारणार. मालक तात्या आणि अर्ज कंपनीचा, म्हणजे पुन्हा तेच. आणि तात्यांच्या नावानं अर्ज करावा तर माल विकणारी कंपनी, मग कंपनीला तात्यांनी वापरायची परवानगी, दर्जावर त्यांचं नियंत्रण, ते सगळं कागदावर आणावं लागणार. त्यापेक्षा आधी तात्यांनी कंपनीला लिहून देणं सोपं.

सोपं कागदावर. "म्हणजे माझ्या नावावरचं काढायचं," असं तात्या म्हणाले आणि उठून खाली सौद्याला गेले. कुणाच्या मनात पाप नव्हतं, पण तिघा भावांचे शेअर सारखे, आणि आईचं नाव थोरल्याकडं असणं ही गोष्ट नुसती हिशोबाची नसते. पुतण्यानं घाई करू नये म्हणून मीच त्याला दोन दिवस गप्प बसवला. शेवटी आक्कांनीच मिटवलं. त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण संध्याकाळी म्हणाल्या, "नाव माझं हाय न्हवं? मग तिघांचं बी हाय." त्यानंतर असाइनमेंट डीड म्हणजे मालकी कंपनीला लिहून देणारा कागद झाला, गुडविलसकट, म्हणजे नावाच्या बाजारातल्या लौकिकासकट, आणि आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीत टीएम-पी फॉर्मवर त्याची नोंदही टाकली. गुडविलसकट हे शब्द डीडमध्ये असू द्या, त्याशिवाय दिलं तर आपल्या कायद्यात रजिस्ट्रारकडून निर्देश घेऊन जाहिरात वगैरे वेगळा खटाटोप मागं लागतो. डीडवर सही झाली आणि त्यानंतरच अमेरिकेचा अर्ज गेला. तारखांचा हा क्रम चुकला असता तर सगळंच पाण्यात.

मॅड्रिड का नको

पुण्याच्या मॅडमनी आधी मॅड्रिडचा रस्ता मांडलेला, म्हणजे अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था. भारत २०१३ पासून त्यात आहे, एकाच अर्जात हवे तेवढे देश निवडता येतात, जिनिव्हाच्या विपोकडून म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडून तो पुढं जातो, मूळ फी काळ्यापांढऱ्या मार्कला ६५३ स्विस फ्रँक, रंगीत असेल तर ९०३, त्यावर प्रत्येक देशाची फी, आणि आपल्या रजिस्ट्रीची ५,००० रुपये हाताळणी. चार-पाच देशांत जायचं असेल तर स्वस्त पडतं. पण मॅड्रिडला पाया म्हणून भारतातला अर्ज किंवा रजिस्ट्रेशन लागतं आणि मार्क तोच हवा, जसाच्या तसा. आपला पाया देवनागरी लेबल, अमेरिकेतल्या पाकिटावर नाव रोमन अक्षरात. जुळतच नाही. शिवाय पहिली पाच वर्षं ते आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रेशन भारतातल्या पायावर टेकलेलं असतं, इथं पाया गेला की तिकडचं सगळं कोसळतं, मग तीन महिन्यांच्या आत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून तारीख वाचवायची धावपळ.

म्हणून अमेरिकेत थेट अर्ज, नुसत्या रोमन अक्षरातल्या नावाचा, अमेरिकेतल्या वापराच्या आधारावर. अर्ज कंपनीचा असला तरी २०१८ पासूनचा वापर असाइनमेंटमुळे तिच्या खात्यावर येतो. फी १८ जानेवारी २०२५ पासून एका क्लासला ३५० डॉलर. मालाचं वर्णन त्यांच्या तयार यादीतलं उचललं, स्वतःच्या शब्दांत लिहिलं की क्लासमागं २०० डॉलर जादा. पुतण्याला हळदीतल्या करक्युमिनच्या कॅप्सूलही घालायच्या होत्या, तो क्लास ५, आणि कॅप्सूल अजून बाजारातच नाही. न विकलेला माल विकतोय असं लिहून द्यायचं नाही, वकिलानं तिथंच कापलं.

आक्कांची सही

सहा-सात महिन्यांनी यूएसपीटीओकडून शंका आल्या. 'हळद' हा शब्द एकट्याच्या मालकीचा नाही असं मान्य करा, त्याचा इंग्लिश अर्थ लिहा, हे किरकोळ, वकिलानं एका परिच्छेदात उरकलं. तिसरी शंका: मार्कमधलं नाव हयात असलेल्या विशिष्ट व्यक्तीचं आहे का? असेल तर तिची लेखी संमती.

उत्तराला ३ महिने असतात, १२५ डॉलर भरून आणखी ३ मिळतात. तेवढी गरजच पडली नाही. संमतीचा कागद अर्ध्या पानाचा, इंग्लिशमधला, मी मराठीत वाचून दाखवला, की तुमचं नाव आणि फोटो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला हरकत नाही. फोटो पुढं लेबल नोंदवताना लागेल म्हणून वकिलानं एकाच कागदात घेऊन ठेवला. आक्कांनी चष्मा लावला, कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं, मग विचारलं, "ह्यात कर्जाचं काय न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर सही केली, मराठीतच, एकेक अक्षर सुटं, आडनावाशी पेन अडकला तेव्हा पुतण्या पुढं सरकला तर त्याचा हात बाजूला केला. मराठी सहीला तिकडून काही अडचण आली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ नेलं, ऑगस्ट २०२५ ची गोष्ट, मोठी ऑर्डर थांबली आणि अण्णा म्हणाले माल जात नाही तर ट्रेडमार्क कशाला. वाजवी प्रश्न. पण सलग तीन वर्षं वापर नसला तर मार्क सोडून दिला असं धरलं जातं, काही महिन्यांच्या खंडानं तसं होत नाही, आणि टॅरिफ आज आहे उद्या बदलतं. नंतर मसाल्यांना सूट मिळालीच.

दुसरा त्रास पत्रांचा. अर्ज सार्वजनिक झाला की सरकारी वाटतील अशा नावांची पत्रं आणि मेल येतात, गरुडाचं चित्र, बारकोड, "त्वरित भरा". बापू एक भरायलाच निघाले होते. नियम साधा ठेवला, यूएसपीटीओ.जीओव्हीवरून आलेलं नसेल आणि वकिलानं सांगितलेलं नसेल तर एक रुपया भरायचा नाही.

गॅझेटमध्ये आल्यावर ३० दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, सर्टिफिकेट पीडीएफनं आलं. तोवर अमेरिकेच्या पाकिटावर फक्त टीएम छापत होतो. आधी गोलातला आर छापलेला होता, भारतातल्या रजिस्ट्रेशनच्या भरवशावर, तो वकिलानं काढायला लावला होता, कारण तिथं नोंदणी झाल्याशिवाय तो लावणं चुकीचं. आता पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान वापर चालू असल्याचं लिहून द्यायचंय, नाहीतर रद्द, आणि मग दर १० वर्षांनी रिन्यू.

डिस्ट्रिब्युटरशी करार झाला, पहिल्यांदाच. त्यातली कलमं मी मुद्दाम इथं टाकतो कारण आता हाताशी आलेल्या प्रत्येक एक्सपोर्टरला मी हीच विचारतो: ब्रँडचा वापर कुणीही करो, त्याचा फायदा मालकाच्या खात्यावर, डिस्ट्रिब्युटरनं कुठल्याही देशात हे नाव किंवा त्यासारखं नाव नोंदवायचं नाही, वेबसाइटचं नाव आणि ऑनलाइन दुकानही त्यात आलं, रिपॅकिंग विचारल्याशिवाय नाही, करार संपला की उरलेला माल किती दिवसांत विकायचा ते ठरलेलं. एफडीएचा एजंट बदलून एक स्वतंत्र फर्म नेमली. अमेरिकन कस्टमकडं मार्क नोंदवायचं अजून राहिलंय, क्लासमागं १९० डॉलर, नकली माल बंदरातच अडवता येतो, पण सध्या नकली कुणी करत नाहीये म्हणून तात्या टाळतायत.

आता दुबईचं चाललंय. युएई २८ डिसेंबर २०२१ पासून मॅड्रिडमध्ये आहे, म्हणून आधी भारतात रोमन नावाचा नवीन अर्ज टाकला, कंपनीच्या नावानं, उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी असल्यामुळे ९,००० ऐवजी ४,५०० रुपयांत. त्यात आधीपासून वापर असल्याचं ॲफिडेव्हिट लागतं, पुरात गेलेल्या बिलांमुळे तारीख जुनी टाकता येईना, म्हणून ज्याचे कागद हातात आहेत ती २०१८ चीच टाकली. त्या अर्जावर मॅड्रिडमधून युएई आणि यूके दोन्ही निवडले, सहा महिन्यांच्या आत, म्हणजे भारतातल्या अर्जाची तारीखच तिकडं धरली जाते. दुबईच्या पार्टीनं मध्ये मेसेज केला होता की रजिस्ट्रेशनचं आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त माल पाठवा. पुतण्यानं त्याला आधी कराराचा मसुदा पाठवलाय.